‘नोंदणी फी भरा, ऑनलाइन शिकवणी मिळवा’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एकाच आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. कंपनी नोंदणीकृत असेल, ऑफर लेटर मिळालं असेल आणि नोंदणी फी पुढे परत मिळणार असेल, तर ऑनलाइन शिकवणीच्या कामासाठी बिनधास्त पैसे भरा; पालक तर फी आगाऊच देतात; फसतात ते अडाणी लोक, असं त्यात म्हटलेलं असतं. तो वाचून पैसे भरतात ते बी.एड. करून, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊन शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून बसलेले तरुण, तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, मुलं शाळेत गेली की दोन तास मोकळे मिळणाऱ्या गृहिणी. यांचेच पैसे लुबाडले जावेत याचा मला संताप येतो.

‘कंपनी नोंदणीकृत आहे’ हे पहिलं विधान. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांक आणि स्वतःच दिलेली माहिती यांवर, ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्या प्रमाणपत्रावरून कुणीतरी अर्ज भरला एवढंच कळतं. ती कंपनी शिक्षकांना मानधन देते की नाही, हे कुठलंच नोंदणी प्रमाणपत्र सांगत नाही. शिवाय भामटे दुसऱ्याच एखाद्या खऱ्या कंपनीचं नाव, लोगो आणि नोंदणी क्रमांक उचलून आपल्या पत्रावर छापतात. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख दिसते, तेवढं जरूर पाहा. त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे विचारा; मेसेजमधल्या नंबरवर विचारून उपयोग नाही. पत्र कंपनीचं आणि यूपीआयवर नाव कुणातरी व्यक्तीचं दिसत असेल, तर तिथेच थांबा.

ऑफर लेटरबद्दल फार बोलायला नको. ते कुणीही पाच मिनिटांत बनवतो.

‘फी परत मिळते’ हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा डाव इथेच आहे. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात. मग प्रशिक्षणाचं किट, मग आयडी चालू करण्याचे पैसे, मग त्यावरचा जीएसटी, आणि शेवटी रिफंड मिळवण्यासाठीसुद्धा पैसे. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. खऱ्या कंपन्याही शिक्षकांकडून पैसे घेतातच की, असं यावर कुणी म्हणेल. घेतात, पण कसे ते पाहा. शिक्षक आणि विद्यार्थी यांची ऑनलाइन गाठ घालून देणारी प्रेप्लीसारखी कंपनी पहिल्या चाचणी तासाची सगळी फी ठेवून घेते आणि नंतरच्या तासांवर ३३ टक्क्यांपासून १८ टक्क्यांपर्यंत कमिशन कापते. हे कापलं जातं ते विद्यार्थ्याने भरलेल्या फीमधून. काही संकेतस्थळं पालकांचे संपर्क देण्यासाठी शिक्षकांकडून शुल्क घेतात, पण ती महिन्याच्या पगाराची हमी देत नाहीत. पगाराचं आश्वासन आणि आगाऊ फी अशी दोन्ही एकत्र आली, तर समोरच्याची कमाई शिकवणीतून नसून तुमच्याकडून आहे.

‘पालक आगाऊ फी देतात, तिथे धोका कसला?’ धोका तिथेही आहे. आपण लष्करात असल्याचं सांगणारा ‘पालक’ मुलीसाठी गणिताची शिकवणी ठरवतो, घासाघीस न करता महिन्याची फी कबूल करतो आणि ती ‘जमा करण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतो. आधी एक रुपया पाठवायला लावून दोन परत करतो, म्हणजे विश्वास बसतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दुसरा प्रकार म्हणजे जास्त रक्कम जमा झाल्याचा खोटा एसएमएस आणि ‘चुकून जास्त गेले, उरलेले परत करा’ अशी गयावया. अशा वेळी एसएमएसवर न जाता बँकेच्या अॅपमधली शिल्लक बघा. अमेरिकेत शिकवण्या घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हाच प्रकार चेकने गाठतो. जास्त रकमेचा चेक येतो, उरलेले पैसे मुलाच्या ‘ड्रायव्हर’ला द्यायला सांगतात. खात्यात रक्कम दिसते, काही दिवसांनी चेक खोटा निघतो आणि बँक ती रक्कम परत वळती करून घेते.

पालकांची फी तुमच्या खात्यात घेऊन पुढे पाठवायचं काम कुणी देऊ केलं, तर साफ नकार द्या. तो पैसा बहुधा दुसऱ्या फसवलेल्याचा असतो. खातं गोठतं आणि पोलिसांच्या चौकशीला तुम्हाला सामोरं जावं लागतं.

शेवटचं विधान सगळ्यात वाईट: ‘अडाणी लोकच फसतात.’ शिकवणीच्या नावाखाली फसवले जाणारे लोक शिकलेलेच असतात. न शिकलेल्याला शिकवणीचं काम कोण देऊ करेल? या वाक्यामुळे नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेला माणूस लाजेने गप्प बसतो, घरीही सांगत नाही. गुन्हा समोरच्याने केलेला आहे. कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाते. ती काढून घेण्याआधी कळवलं तर रोखता येण्याची शक्यता असते. यूटीआर (म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक), व्यवहाराची वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. पाचशेच रुपये गेले म्हणून तक्रार टाळू नका. त्याच खात्यात आणखी कितीतरी जणांचे पाचशे गेलेले असतात.