400 नंबरचा वॉटर पेपर गाडीला लावू नका

‘शोरूमवाल्यांची लूट थांबवा! गाडीवरचा कुठलाही ओरखडा दहा मिनिटांत घरीच घालवा’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. कृती अशी: आधी 400 नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) घासा, मग टूथपेस्ट चोळा, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा. ओरखडा खोल असेल तर मॅचिंग नेलपॉलिश. आणि एवढ्यानेही भागलं नाही तर इन्शुरन्स क्लेम, तोही म्हणे ‘फुकटात’. सांगलीच्या आमच्या मामांनी हे वाचून हार्डवेअरच्या दुकानातून पेपर आणूनसुद्धा ठेवला. नशीब, घासायच्या आधी फोन केला.

तेव्हा पेपरपासूनच सुरू करू. गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून येणारा हा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरेल. आता पेपरचा दाणा बघा. या पेपरांच्या दाण्यांसाठी ‘फेपा’ या युरोपीय उत्पादक संघाचा तक्ता वापरतात; पेपरच्या पाठीवर नंबराआधी ‘पी’ छापलेला असतो तो त्याचाच. त्यात पी 400 च्या दाण्याचा सरासरी आकार 35 मायक्रॉन दिलाय. क्लिअर कोटाच्या जाडीच्या जवळपास जाणारा दाणा, आणि तो म्हणे जोर लावून घासायचा! डेंटिंग-पेंटिंगवाले 400 नंबर वापरतात, पण प्रायमरवर, जिथे पुढे रंग मारायचाच असतो. क्लिअर कोटावरचा चरा काढायला जाणकार कारागीर 2000 नंबर घेतो, ज्याचा दाणा 10 मायक्रॉनच्या आसपास. तोही पाण्यात भिजवून, हलक्या हाताने, आणि नंतर रबिंग कंपाउंडने, म्हणजे घासून चमकवायच्या लेपाने, चकाकी परत आणतो. मामांचा ओरखडा जेमतेम वीतभर. 400 ने घासला असता तर अख्खा दरवाजा रंगवायला टाकावा लागला असता. क्लिअर कोट गेला की खालच्या रंगाला उन्हापासून आडोसा राहत नाही, तो भाग फिका पडत जातो.

टूथपेस्टचं म्हणाल तर थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी असते, त्यामुळे फडक्याने उठलेल्या बारीक रेघा किंवा गेटला घासून लागलेला गेटचा रंग यावर फरक दिसतो. पण हेच काम रबिंग कंपाउंड जास्त नीट करतं, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. आणि चऱ्यावर नख आडवं फिरवून बघा. अडकलं, तर टूथपेस्टची अख्खी ट्यूब संपवूनही चरा तिथेच राहणार.

खोबरेल तेल चऱ्यात भरून बसतं म्हणून तो दिसेनासा होतो. गाडी धुतली की पुन्हा हजर.

नेलपॉलिशपेक्षा टच-अप पेन, म्हणजे गाडीच्याच रंगाचं छोटं पेन, आणा. तुमच्या रंगाचा कोड दरवाज्याच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडेल. पातळ हात, वाळू द्या, मग दुसरा हात. जवळून कळेलच, पण पत्रा झाकला जाईल. सर्व्हिस सेंटरवाले एवढ्याशा चऱ्यालाही पूर्ण पॅनेल रंगवायला लावतात ही तक्रार मात्र रास्त आहे. मेटॅलिक रंगात जोड दिसतो हे त्यांचं कारण खरं, पण हँडलखालच्या नखाएवढ्या टवक्यासाठी कशाला?

राहिला ‘फुकट’ क्लेम. एकही क्लेम न केल्यास पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट, ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात मिळतो. एका ओरखड्यासाठी क्लेम केलात की साधारणपणे तो शून्यावर. शिवाय पॉलिसीतली सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायची ठरलेली रक्कम, खिशातून जाते ती वेगळीच.

चऱ्यात चकचकीत पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी टच-अप कराच, गंज लगेच धरतो. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंजाची भीती नाही. तिथला चरा दिवाळीपर्यंत राहिला तरी चालेल.