येथे गाणी भरून मिळतील

बेळगावात मोबाइलच्या दुकानांवर ही पाटी झळकायची तो काळ. गिरणीत दळण ठेवावं तसं दुकानात मेमरी कार्ड ठेवायचं, खडेबाजारात एक चक्कर मारायची आणि येताना भरलेलं कार्ड उचलायचं. साध्या प्रतीच्या एमपीथ्रीला मिनिटामागे साधारण एक एमबी लागते, म्हणजे 4 जीबीत आठशेच्या आसपास गाणी. मागितले होते अभंग. निघाले डीजे रिमिक्स, राजकुमारांची कन्नड गाणी आणि कुणाच्या तरी बारशाचा गोंगाट. त्यात प्रत्येक गाण्याच्या नावाआधी वेबसाइटचं लांबलचक नाव. ते पडद्यावरून सरकून गाण्याचं नाव दिसेपर्यंत गाणंच संपायचं.

"ह्या कार्डांनी आमचं वाटोळं केलं बघा," असं ओळखीचा कॅसेटवाला म्हणायचा. त्याचं दुःख खरं होतं. पण गिऱ्हाईक नेमकं कोणी पळवलं, यावर अमेरिकेतही एकमत नाही. तिथं 1999 साली इंटरनेटवर एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय करणारं नॅपस्टर आलं, 2001 साली कोर्टकचेरीत बंद पडलं. पुढे 2007 साली दोन अर्थतज्ज्ञांनी मांडलं की फुकट डाउनलोडमुळे विक्री जवळपास घटतच नाही. दुसऱ्यांनी ते साफ खोडून काढलं.

एवढ्या खटाटोपापेक्षा त्या अर्थतज्ज्ञांनी शहापूरला आमच्या काकांकडे यायचं. काकांनी जन्मात कॅसेट विकत घेतली नाही. धारवाड आकाशवाणी ऐकली, तीही शेजाऱ्याच्या रेडिओवर. त्यांनी कार्ड भरून घेतलं म्हणून कुणाची विक्री बुडाली? उलट आमचे आबा. कुमार गंधर्व म्हणजे "आपल्या सुळेभावीचा पोरगा"! कार्डावर त्यांचं भजन फुकट मिळालं, ते ऐन रंगात असताना तुटलं, तर आबा तणतणत गेले आणि सीडी घेऊन आले. कॅसेट घरात होतीच.

माझं म्हणाल, तर पैसे मोजलेल्या कॅसेटमधली रटाळ गाणीसुद्धा मी आवडेपर्यंत ऐकली. पैसे वसूल नकोत व्हायला? फुकटच्या आठशेंपैकी एकही धड ऐकलं नाही. कोल्हापूरला जाताना गाडीत कार्ड लावलं, तर निपाणी मागे टाकून कोगनोळी टोलनाका आला तरी आमचं 'पुढचं लाव, पुढचं लाव' चालूच.

आता कार्डही गेलं. फोनवर हवं ते गाणं वाजतं, मध्येमध्ये जाहिराती लागतात. त्या नको असतील तर महिन्याला पैसे भरायचे. मी काकांना म्हटलं, "भरू का पैसे?"

"कशाला रे? जाहिराती पण फुकटच आहेत की!"