‘ली’ दिसलं म्हणून क्रियाविशेषण?

परीक्षा जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरतो: ‘इंग्रजी शब्दांच्या जाती दोन मिनिटांत ओळखा! शेवटी ली असेल तर क्रियाविशेषण, इंग असेल तर क्रियापद, शन किंवा नेस असेल तर नाम. बाकीच्या शब्दांची यादी पाठ करा, प्रत्येकाची जात ठरलेली असते.’ माझ्या भाचीने तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला आणि घटक चाचणीत ‘फ्रेंडली’ला क्रियाविशेषण ठरवून आली.

आधी ‘ली’चं बघू. फ्रेंडली, लव्हली, लोनली, कॉस्टली ही सगळी विशेषणं. जुन्या इंग्रजीत विशेषणाचा प्रत्यय ‘लिच’ आणि क्रियाविशेषणाचा ‘लिचे’ असे वेगळे होते. झिजून झिजून दोघांचाही ‘ली’ झाला. उलट फास्ट, हार्ड ही बिनशेपटीची क्रियाविशेषणं. ‘ही वर्क्स हार्ड’मधल्या हार्डला बळेच ली चिकटवून ‘ही हार्डली वर्क्स’ केलंत, तर राबणारा माणूस कामचुकार ठरतो.

‘इंग’ म्हणजे क्रियापद? ‘स्विमिंग इज फन’मध्ये ते नाम आहे, ‘अ बोअरिंग फिल्म’मध्ये विशेषण. शंका आली तर आधी ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी बोअरिंग’ चालतं. ‘शी इज स्विमिंग’मध्ये ‘व्हेरी’ घुसवून दाखवा बरं!

शन आणि नेस बहुतेक वेळा नामच निघतात, हे मान्य. तरी ‘डोंट मेन्शन इट’मधलं मेन्शन क्रियापद आहे.

सगळ्यात घातक ते शेवटचं वाक्य, ‘जात ठरलेली असते’. एकटा ‘राउंड’ घ्या. ‘अ राउंड टेबल’मध्ये विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’मध्ये नाम, ‘द बस राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद, ‘ही टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘राउंड द टेम्पल’मध्ये शब्दयोगी. कुठलीही बरी डिक्शनरी उघडा, एकाच शब्दाखाली या जाती ओळीने दिलेल्या दिसतील. कारण पुन्हा तेच, झीज. जुन्या इंग्रजीत प्रेम हे नाम ‘लुफु’ होतं आणि प्रेम करणं ‘लुफियन’. शेवट गळून पडले आणि दोन्हींचं ‘लव्ह’ झालं.

आपल्या मुलांची गल्लत इथेच होते. आपलं पाणी नामच राहतं, झाडांना ते ‘घालावं’ लागतं. इंग्रजीत ‘वॉटर द प्लांट्स’ म्हटलं की काम झालं. पण शब्दाने जागेप्रमाणे जात बदलणं मराठीला तरी कुठे नवीन आहे? ‘मागे बस’मधला मागे क्रियाविशेषण, ‘घरामागे’मधला शब्दयोगी. हे भाचीला शाळेत शिकवलेलं होतं. मग मी तिला ‘आय लाइक टी’ आणि ‘रन लाइक द विंड’ अशी दोन वाक्यं दिली. दोन्हींतल्या ‘लाइक’ची जात विचारल्यावर पेन्सिल थांबली, आणि पहिल्यांदाच तिने यादी सोडून सगळं वाक्य वाचलं.