बाजार बंद केला की रोग थांबतो व्हय?

"रविवारी सांगोल्याला जायचंय, गुरांच्या बाजारात एक गाभण एचएफ गाय बघून ठेवलीय," एवढंच अण्णा म्हणाला आणि सोलापूरच्या पार्क चौकातल्या कट्ट्यावर जुंपली.

"बाजारची गाय म्हणजे विकतचं दुखणं," सुन्या म्हणाला. "हे बाजारच बंद करायला पायजेत. लंपीत केलेच की बे."

केले होते, खरंय. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात लंपी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, दिसला आणि पुढं राज्यभर गुरांचे बाजार, वाहतूक, शर्यती सगळ्यावर बंदी आली. लंपी पसरवतात माश्या, डास, गोचीड. पण माशी उडून उडून जाणार किती? लांबच्या जिल्ह्यात रोग जातो तो टेम्पोत बसून.

बाळूच्या चुलत्याचा गुरांचा व्यापार. तो तापलाच. "बाजार बंद होता म्हणून कुणी गाय विकायचं थांबलं व्हय? पिकअप रात्री थेट गोठ्यावर यायची. बाजारात निदान पावती फाटते. गोठ्यावर कोण बघतंय?"

बाळू घरच्या धंद्याची बाजू घेणारच, पण मुद्दा मला पटला.

आमच्यातला एकजण जनावरांचा डॉक्टर. तो म्हणाला, "गाय एका गोठ्यातनं सरळ दुसऱ्या गोठ्यात जाते कुठं? मधी हेडी असतो, गुरांचा दलाल. त्याच्या दावणीला चार गावची गुरं, सगळ्यांना एकच हौद. दोन दिवसांनी तीच गुरं आणखी चार गावांना. खुरकुताची, म्हणजे तोंडा-खुरांना फोड येणाऱ्या रोगाची, लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात, आणि लाळ गळायच्या आधीच जनावर रोग वाटत सुटतं. तुम्ही दात बघता, सड पिळता, भाव ठरवायला रुमालाखाली बोटं दाबता. त्यात कळणार काय?"

मग त्यानं ब्रिटनचं सांगितलं. २००१ मध्ये २० फेब्रुवारीला तिथं खुरकुताचं निदान पक्कं झालं, तोवर हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतनं व्यापाऱ्यांच्या मेंढ्यांबरोबर रोग देशभर पोचला होता. साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. त्यानंतर इंग्लंडात नियम झाला: गोठ्यात नवीन गाय किंवा मेंढी आली की तिथली गुरं-मेंढरं सहा दिवस बाहेर विकायला न्यायची नाहीत.

"पण खुरकूत निदान दिसतो तरी," डॉक्टर म्हणाला. "सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, गाय ठणठणीत दिसते, दूध देते, आणि भरत आल्यावर गाभडते. वार, स्राव यातनं शेजारच्या गाईला, हात घालणाऱ्या माणसालाही लागण. लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीलाच देतात. आता गाभडलेली गाय मालक काय करतो, सांग की बाळू?"

बाळू गप्प. काय करतो ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाजार दाखवतो.

माझ्या मते खरी गोम इथंच आहे. चांगली गाय सहसा कुणी विकायला काढत नाही. अडचणीपोटी निघते तेवढीच.

"म्हणून तर बिल्ला आलाय," सुन्या म्हणाला. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बारा आकडी बिल्ला नसेल तर खरेदी-विक्री नाही, हे त्याचं बरोबर. बाळू हसला. "बिल्ला कानात, नाव जुन्या मालकाचं. मधले तीन हात कुठं नोंदलेत?"

अण्णाला यातलं काही नको होतं. "मी करू काय ते सांगा."

"आधी रक्त तपास," डॉक्टर म्हणाला. "आणली की तीन आठवडे वेगळी बांध, बादली वेगळी, घरच्या गाईंची धार झाल्यावर तिची धार."

"मालक, माझा गोठा एकच. वेगळी म्हणजे रस्त्यावर बांधू?"

"बांधावर पत्रा टाक."

"आणि रक्ताचा रिपोर्ट येईस्तोवर हेडी गाय धरून ठेवतोय व्हय?" बाळू म्हणाला. "इसार द्यावा लागंल."

"रिपोर्ट वाईट आला तर इसार परत?"

"चुलत्याला विचारतो," बाळू म्हणाला, "पण आजवर तरी कुणी परत दिल्याचं ऐकलं नाही."