बुडबुड्यातला संसार

दिराने सिंगापूरहून येताना निन्टेंडो स्विच हे व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं आणि आमची रविवारची दुपारची झोप कायमची गेली. आजकालच्या गेममध्ये म्हणे घोड्याच्या आयाळीतला केस न् केस दिसतो. आम्हाला ते झेपत नाही. एका अंगठ्याने माणूस चालवायचा, दुसऱ्याने कॅमेरा वळवायचा. माझा माणूस बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून शिक्षा भोगत उभा असतो. त्यापेक्षा सपाट चित्रांचे टूडी गेम बरे. डावीकडून उजवीकडे पळा, उड्या मारा, आडवा येईल त्याला तुडवा. आणि हे सगळं दोघाचौघांनी, एकाच पडद्यावर, एकाच सोफ्यावर.

या विद्येचा पाया आमच्या पिढीत कॉन्ट्राने घातला. कोनामी या जपानी कंपनीचा हा गेम १९८७चा. आमच्या घरी तो नव्वदीत आला, फुंकर मारून बसवायच्या कॅसेटमधून. त्यातली धबधब्याची लेव्हल खेळलेल्याला भाऊबंदकी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला लागला की खलास. दादा तरातरा वर चढायचा आणि मी शत्रूची एकही गोळी न लागता मरायचे. वर धपाटाही मलाच, ‘हळू का चढतेस’ म्हणून.

आता दादाच्या जागी नवरा आहे आणि कॉन्ट्राच्या जागी ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स’. स्विचवर हा २०१९मध्ये आला. चौघांना खेळता येतो, म्हणून जॉयकॉनची, म्हणजे स्विचच्या चिमुकल्या कंट्रोलरांची, आणखी एक जोडी मागवली. तिची किंमत इथे लिहीत नाही, सासूबाई वाचतात. जॉयकॉन आडवा धरला की नवऱ्याच्या पंजात दिसेनासाच होतो. कडेची बारीक बटणं चाचपता चाचपता त्याचं कोपर माझ्या बरगडीत येतं, आणि तेवढ्यात माझा माणूस, लुइजी, खड्ड्यात.

या गेममध्ये माणसं एकमेकांवर आपटतात. तुम्ही जिवाच्या आकांताने उडी मारावी आणि वर नेमकी लेक उभी असावी. तिच्या बुडाला डोकं आपटून तुम्ही सरळ खाली. एकमेकांना उचलून फेकताही येतं. ही सोय मदतीसाठी आहे. नवऱ्याने मला मदत म्हणून लाव्हात फेकलेलं आहे.

सासूबाईंनी नॅबिट निवडला. हा जांभळा ससा मुळात चोर, पण त्याच्याकडे पिशवी होती आणि तेवढं त्यांना पुरलं. शत्रू अंगावर आले तरी त्याला ढिम्म काही होत नाही. मिळालेली मशरूमं तो खात नाही, साठवतो आणि लेव्हल संपली की त्यांचे जादा जीव करून देतो. ‘बघा, जपून ठेवलं की उपयोगी पडतं,’ हे आम्ही प्रत्येक लेव्हलनंतर ऐकतो.

पण या गेमची खरी करामत म्हणजे बुडबुडा. प्रसंग अवघड दिसला की एक बटण दाबायचं. आपण बुडबुड्यात बसून अलगद तरंगतो आणि दुसऱ्याने स्पर्श करून तो फोडेपर्यंत कोण आपल्याला हात लावत नाही. अट एकच, कोणीतरी बाहेर राहायला हवं. एका किल्ल्यात वरून काटेरी छत खाली येऊ लागलं आणि आम्ही चौघांनी, बाकीचे तिघे आहेतच या भरवशावर, एकदम बटण दाबलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदाचा विषय निघाल्यावर होतं अगदी तसं. चार बुडबुडे, बाहेर चिटपाखरू नाही, लेव्हल पहिल्यापासून.

मग २०२३चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ आणला. दिसायला फार देखणा. पण इथे खेळाडू एकमेकांच्या आरपार जातात. धक्का नाही, फेकाफेक नाही. मेलं तर भूत होतं आणि घटकाभरात कोणी शिवलं की पुन्हा जिवंत. आम्ही शहाण्यासारखे खेळलो. सासूबाई म्हणाल्या, “छान आहे गं, पण बोलायला काही होतच नाही यात.” माझंही मत तेच पडलं.

सध्या आम्ही दोघं ‘कपहेड’ खेळतो. २०१७चा, चित्रं हाताने काढलेली, थेट १९३०च्या दशकातल्या कार्टूनसारखी. नायक दोन कप. फाशांच्या डावात सैतानाकडे आत्मा गहाण टाकून बसलेले. धर्मराजानंतर फाशांनी इतकं वाटोळं कोणाचं केलं नसेल. गेम महाकठीण. जोडीदार मेला की त्याचं भूत हळूहळू वर जातं; आपण उडी मारून नेमक्या क्षणी त्याला टपली मारायची, की उतरला खाली. तो क्षण मला अजून सापडायचाय.

परवा दिवेलागणीला नवरा ओरडला, “अगं बघतेस काय, मी वर चाललोय!”

सासूबाई पळी हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आल्या. “तिन्हीसांजेला काय हे अभद्र बोलणं!” मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि मला म्हणाल्या, “तू उठू नकोस. कणीक मी मळते. तू आधी त्याला खाली आण.”