पंपावर जाण्याआधीचं हिमोग्लोबिन

बायपासची किंवा वॉल्वची तारीख मिळाली की घरात आधी पैशांची जुळवाजुळव सुरू होते आणि लगेच रक्तदात्यांची. 'चार बाटल्या लागतील, माणसं तयार ठेवा' म्हटलं की पुतणे, मेहुणे, ऑफिसातले मित्र सगळे गोळा होतात. त्याच फाइलमधल्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीवर, हिमोग्लोबिन ९.८ छापलेलं असतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझं मत स्पष्ट आहे. ऑपरेशन तातडीचं नसेल, तर आधी त्या ९.८ चं कारण शोधा, भरपाई सुरू करा आणि मगच तारीख घ्या.

हे इतकं ठामपणे का म्हणतो, ते साध्या हिशोबातून दिसेल. हृदय थांबवून ऑपरेशन करताना रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरतं, यालाच पंप म्हणतात. मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) आधी सलाइनसारख्या द्रवाने भरून घेतात, साधारण १२०० ते १५०० मिली. याला प्राइम म्हणतात. पंप सुरू झाला की हा सगळा द्रव पेशंटच्या रक्तात मिसळतो. ८० किलोचा पुरुष घ्या, हिमोग्लोबिन १४, अंगात रक्त सुमारे ५६०० मिली. त्यात १४०० मिली प्राइम मिसळलं तर हिमोग्लोबिन ११.२ वर येतं. आता ५० किलोची बाई, हिमोग्लोबिन ९.८, रक्त ३२५० मिली. प्राइम तेवढंच, पण तिचं हिमोग्लोबिन थेट ७ च्या खाली जातं. सर्जनच्या हातून एक थेंब वाया गेलेला नसतानाही!

याचा फटका पहिल्यांदा मूत्रपिंडाला बसतो. त्याचा आतला भाग एरवीही जेमतेम ऑक्सिजनवर चालतो. पंपावर रक्त विरळ झालं की तिथे तुटवडा पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) चढलेलं दिसतं. ऑपरेशनआधी ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, असलेल्यांत मूत्रपिंडाचा त्रास, जंतुसंसर्ग, आयसीयूतला लांबलेला मुक्काम आणि मृत्यू यांचं प्रमाण जास्त असतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सगळा दोष ॲनिमियाचा नाही. या पेशंटचं वय जास्त असतं, किडनी आधीच नाजूक असते, मधुमेह असतो. पण या यादीतली ऑपरेशनआधी काही आठवड्यांत सुधारता येण्यासारखी गोष्ट बहुधा ॲनिमियाच असते.

'कमी पडलं तर रक्त चढवू' हे उत्तर मला पटत नाही. एक पिशवी हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढवते, पण फुप्फुसात पाणी होणं, रिॲक्शन, संसर्ग हे धोके सोबत आणते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रिक्स-३ या मोठ्या चाचणीत हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, तरी ९.५ च्या मर्यादेच्या तुलनेत निकाल वाईट आले नाहीत. म्हणजे आकडा साजरा दिसावा म्हणून पिशवी लावायची गरज नसते.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पुरुषांत १३ आणि बायकांत १२ च्या खाली ॲनिमिया. हृदयाच्या ऑपरेशनसाठी मात्र बायकांनाही १३ चाच निकष लावावा, कारण शरीर लहान आणि प्राइम तेवढंच. सीबीसीसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते), बी-१२ आणि क्रिएटिनिन करा. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता नक्की. शरीरात सूज किंवा दाह असेल तर फेरिटिन फसवं वाढतं. अशा वेळी ते १०० च्या आत आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तरीही लोह कमीच समजावं.

शाकाहारी घरांत बी-१२ हमखास कमी निघतं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या साठीतल्या माणसाचं लोह कमी निघालं, तर पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातंय का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. कोणती किती दिवस आधी थांबवायची, हे सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट ठरवतील.

लोहाचा हिशोबही मांडून बघा. ५० किलो वजन, हिमोग्लोबिन १० वरून १३ करायचं आणि साठाही भरायचा, तर सुमारे ८६० मिलिग्रॅम लोह लागतं. १०० मिलिग्रॅमच्या गोळीतून अंगी लागतं जेमतेम १०. म्हणजे तीन महिने, तेही चहा, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची गोळी लोहापासून लांब ठेवली तर. हातात तीन-चार आठवडेच असतील तर शिरेतून लोह द्यावं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह वजनाच्या हिशोबाने एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, किमान १५ मिनिटांत देता येतं. नंतर अर्धा तास पेशंटवर लक्ष ठेवायचं. यामुळे मृत्यू टळतात असा दावा मी करणार नाही. पण रक्त बनायला लागणारा कच्चा माल तरी अंगात असतो.

अपवाद महत्त्वाचा आहे. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल, बसल्याजागी छातीत दुखत असेल, तर हिमोग्लोबिनसाठी थांबू नये. तिथे परफ्युजनिस्टने (पंप चालवणारा तंत्रज्ञ) नळ्यांचं लहान सर्किट घ्यावं, पेशंटच्याच रक्ताने प्राइम मागे ढकलून काढावं. सोबत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं सेल सेव्हर मशीन वापरावं. आयसीयूतही तपासणीसाठी रोज भरभरून रक्ताच्या नळ्या काढण्याऐवजी लहान नळ्या वापरल्या तर बरंच रक्त वाचतं.

घरी आल्यावरचा घोटाळा वेगळाच. 'रक्त पातळ व्हायची गोळी' म्हणजे रक्त कमी करणारी गोळी, असं अनेकांना वाटतं. ती फक्त गुठळी होऊ देत नाही. पण मेटलचा वॉल्व बसवलेल्या तरुण बाईला त्याच गोळीने पाळीत जास्त रक्त जातं आणि भरलेलं लोह महिन्याला निघून जातं. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची गाठ ऑपरेशनआधीच घ्यावी. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

दुसरीकडे सासूबाई प्रेमाने रोज वाटीभर पालक, मेथी, शेपू वाढतात, 'रक्त वाढू दे' म्हणून. त्या भाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर घटतो, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) खाली येतो आणि वॉल्ववर गुठळी व्हायची भीती वाढते. पालेभाजी सोडायची नाही, पण दर आठवड्याला प्रमाण सारखं ठेवायचं. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, ते चालतं. डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.