‘सोडायचाच होता, तर धरलात कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही वाईचे, कृष्णेकाठी वाढलेले आणि निवृत्त शिक्षक आहात असं लिहिलंय, म्हणून सर म्हणते. इंग्लंडमधल्या डर्वेंट नदीवरच्या आमच्या मासेमारी क्लबबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत, पण पूर्ण वाचून लिहिलंत. म्हणून दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पोटासाठी मासा धरणं तुम्हाला समजतं. पण गळ टोचून, फोटो काढून परत सोडणं म्हणजे मुक्या जिवाचा छळ, असं तुमचं मत आहे. नदीचा काठ भाड्यानं घेऊन ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी लावणं ही तुम्हाला साहेबी मालकी वाटते, कारण नदी सगळ्यांची असते. एवढं करून वर त्याला नदीसंवर्धन म्हणायचं, याचा तुम्हाला राग आला. आणि शेवटी विचारलंत, ‘मुलीलाही हेच शिकवणार का?’

छळाच्या मुद्द्याला मी बगल देणार नाही. माशाला काही कळत नाही असं म्हणणारे लोक इथल्या काठावर अजून भेटतात. मी तसं म्हणत नाही. लिन स्नेडन या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये रेनबो ट्राउट या माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. ती इजा माशाला नेमकी कशी जाणवते यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, पण त्या भांडणाचा फायदा मी उचलावा असं मला वाटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर परत सोडण्याच्याच हेतूनं मासा धरायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे तुमचं म्हणणं भाबडं नाही, एका देशानं ते कायद्यात घातलंय. मी गळ टाकते कारण मला ते मनापासून आवडतं, आणि त्याची किंमत मासा मोजतो हे मला माहीत आहे. ती किंमत जमेल तितकी कमी ठेवणं एवढंच माझ्या हातात आहे.

‘मग खा तरी,’ असं तुम्ही म्हणता. तेही इथं जमत नाही. इंग्लंडमधल्या नद्यांत ट्राउट-सॅमन सोडून बाकीच्या गोड्या पाण्याच्या माशांपैकी फार थोडे आणि तेही ठरावीक मापाचे मासे घरी नेता येतात. आमच्या नदीचा मानाचा मासा बारबेल, त्याचा मोठा नग नेणं बेकायदा आहे. शिवाय त्याची अंडी विषारी असतात, खाल्ली तर उलट्या-जुलाब ठरलेले. हा बारबेल आपल्या महसीरच्याच कुळातला. तळाशी राहणारा, मिशावाला, जोरदार धारेत उभा राहणारा. 1839 मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन केलं, तेव्हा त्यालाही बारबेलच्याच वंशाचं, म्हणजे बार्बस हे नाव लावलं होतं. पुढे ते बदललं.

बारबेल सोडायचा म्हणजे काय, तेही सांगते, कारण तुमच्या डोळ्यांसमोर ‘फोटो काढला, फेकला’ असं चित्र दिसतंय. गळ बिनकाट्याचा असतो, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा नसतो, त्यामुळे तो हलक्या हातानं निघतो. मासा जाळीत येतो तो पाण्यातच ठेवायचा. हात ओले करूनच त्याला लावायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून बुरशी धरते. बारबेल जीव तोडून झुंजतो आणि पार दमतो. लगेच सोडला तर उलटा होऊन वाहत जातो. म्हणून गुडघाभर पाण्यात उभं राहून, त्याचं तोंड धारेकडे करून त्याला जाळीतच धरून ठेवायचं. कल्ले आधी भराभर हलतात, मग संथ होतात. शेपटीचा झटका आपल्या मनगटाला जाणवला की हात सैल करायचा. कधी कधी यात मासा खेळवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी उरतो. तेव्हा आमचा क्लब बारबेलची मासेमारी सरळ बंद करतो. आणि 15 मार्च ते 15 जून या विणीच्या काळात इथल्या नद्यांवर या माशांसाठी कुणालाच गळ टाकता येत नाही. ही बंदी 1878 च्या कायद्यापासून चालत आलीय. तो कायदा मंडेला नावाच्या शेफील्डच्या खासदारानं आणला, आणि त्यामागे शेफील्डच्या गळकऱ्यांचा रेटा होता. पोलादाच्या भट्ट्यांवर राबणारी माणसं होती ती, सर. साहेब लोकांची मासेमारी सॅमनची, स्कॉटलंडमधली. आमच्यासारख्या क्लबांची परंपरा गिरणी, खाण आणि भट्टीतल्या कामगारांची आहे. आजही आमच्या समितीत एक बसचालक, एक निवृत्त प्लंबर आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक बाई आहेत.

आता मालकीबद्दल. माझं खरं म्हणणं इथंच आहे.

नदी सगळ्यांची असावी हे मला मान्य आहे. पण ती मरते तेव्हा कोर्टात उभं कोण राहणार? इंग्लंडमध्ये वाहतं पाणी कुणाच्याच मालकीचं नसतं, पण मासे धरण्याचा हक्क मात्र मालमत्ता समजला जातो. तो सहसा काठाच्या जमिनीबरोबर येतो आणि नदीच्या मध्यापर्यंत चालतो. तो विकता येतो, भाड्यानं देता येतो. आम्ही वर्गणी गोळा करून तो भाड्यानं घेतो. त्यामुळे कुणी पाणी नासवलं तर ते आमच्या मालमत्तेचं नुकसान ठरतं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दावा लावता येतो. पाटीमागे एवढं सगळं आहे. नदीकाठच्या पायवाटेनं कुणीही चालावं, बसावं, पाय बुडवावेत, आमची ना नाही.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण आमच्याच नदीवरचं आहे. डर्बी शहराच्या खालच्या अंगाला, स्पाँडनला, ब्रिटिश सेलानीजचा कृत्रिम रेशमाचा कारखाना होता, शेजारी वीजकेंद्र, आणि जवळच नगरपालिकेचं सांडपाणी केंद्र. रसायनं, तापलेलं पाणी आणि अर्धवट शुद्ध केलेला मैला, सगळं डर्वेंटमध्ये जायचं. प्राइड ऑफ डर्बी नावाच्या मासेमारी क्लबनं, काठाचे जमीनदार असलेल्या अर्ल ऑफ हॅरिंग्टन यांना बरोबर घेऊन, तिघांवरही दावा लावला. नगरपालिकेचं म्हणणं होतं की शहर वाढलं, माणसं वाढली, सांडपाणी केंद्र आम्ही कायद्यानंच उभारलंय, हवी तर नुकसानभरपाई घ्या पण मनाई हुकूम नको. 1952 मध्ये उच्च न्यायालयानं आणि त्यावर अपील न्यायालयानंही ते फेटाळलं. सुधारणा करायला मुदत दिली, पण मनाई हुकूम दिलाच. पैसे मोजून नदी नासवण्याचा परवाना विकत घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये कायदा शिकणारे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. या लढाईमागे 1948 मध्ये जॉन ईस्टवूड या वकिलांनी सुरू केलेली गळकऱ्यांची संस्था होती. आज तिचंच काम फिश लीगल या नावानं चालतं आणि आमचा क्लब तिचा सभासद आहे.

ही जुनी गोष्ट झाली असं म्हणाल, तर अलीकडचीही आहे. यॉर्कशायरमध्ये पिकरिंगजवळ अप्पर कोस्टा बेक नावाचा लहानसा प्रवाह आहे. पिकरिंग फिशरी असोसिएशन या तिथल्या क्लबनं फिश लीगलच्या मदतीनं थेट सरकारला कोर्टात खेचलं. तक्रार एवढीच की नदीसुधाराच्या आराखड्यात आमच्या ओढ्यासाठी नेमकं काय करणार ते लिहिलेलंच नाही. 2023 मध्ये उच्च न्यायालयानं क्लबची बाजू उचलून धरली. सरकार अपिलात गेलं, 2025 मध्ये तिथंही हरलं. याचा उपयोग फक्त त्या ओढ्याला नाही. देशभरच्या अशा आराखड्यांना आता हाच प्रश्न विचारता येतो. 2020 च्या सरकारी मोजणीत इंग्लंडच्या फक्त 14 टक्के नद्यांची पर्यावरणीय स्थिती चांगली ठरली, आणि 2023 या एका वर्षात पावसात भरून वाहणाऱ्या सगळ्या सांडपाणी वाहिन्यांतून मिळून 36 लाख तास मैलापाणी नद्या-समुद्रात सोडलं गेलं. अशा देशात नदीच्या बाजूनं भांडायला कुणाचा तरी हक्काचा कागद लागतो.

बाकी कामाला कागद लागत नाही, ओले पाय लागतात. महिन्यातून एकदा आम्ही नदीतले किडे मोजतो. जाळीचं तोंड धारेकडे करून ती तळाला टेकवायची आणि तिच्यापुढे उभं राहून तीन मिनिटं पायानं गोटे ढवळायचे. मग जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये झटकायची. आधी नुसता गाळ आणि कुजकी पानं दिसतात. जरा वेळ पाणी निवळू दिलं की गाळ चालायला लागतो. वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर करणारी कॅडिस नावाच्या कीटकाची अळी ते घर ओढत निघते. मेफ्लाय या दुसऱ्या कीटकाची चपट्या अंगाची पिल्लं ट्रेच्या कडेला घट्ट चिकटून बसतात. गोड्या पाण्यातली बारकी कोळंबी एका कुशीवर पोहते. ठरावीक आठ गट मोजायचे, संख्येनुसार गुण द्यायचे. बेरीज त्या जागेसाठी ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली, तर पर्यावरण खात्याला लगेच कळवायचं. रासायनिक चाचणीला नमुना घेतेवेळचं पाणी कळतं. किडे मात्र रात्रंदिवस तिथंच राहतात, मध्यरात्री कुणी काही सोडलं तर तेही त्यांच्या अंगावर उमटतं.

मागच्या वर्षी असाच आकडा घसरला. आम्ही काठानं वर चालत गेलो, तर पावसाचं पाणी आणणाऱ्या एका नळाखाली गोट्यांवर राखाडी, बुळबुळीत पुंजके धरले होते आणि साबणाचा वास येत होता. वरच्या वसाहतीतल्या काही घरांच्या कपडे धुण्याच्या यंत्रांची जोडणी चुकून पावसाच्या वाहिनीला झालेली. कळवल्यावर सुरुवातीला कुणी दाद देईना. दर महिन्याचे आकडे आणि फोटो पाठवत राहिल्यावर माणसं आली, जोडण्या दुरुस्त झाल्या. त्या नळाकडे मासेमारांशिवाय दुसरं कुणी वाकून बघत नव्हतं. माझ्या लेखातलं नदीसंवर्धन हे असं आहे. गळ टाकल्यामुळे नदी वाचते असं मी कुठंही म्हटलेलं नाही. पण गळ टाकणाऱ्यांना पावसात, थंडीत, आडबाजूला, पुन्हा पुन्हा तिथं जायचं कारण असतं, आणि त्या जाण्यातून हे सगळं होतं.

तुम्ही देहूचा दाखला दिलात, की आपल्याकडे डोहातल्या माशांना हात न लावता लोकांनी जपलं. खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. देहूप्रमाणे वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे, महाडजवळ वाळण कोंड, तिथले महसीर श्रद्धेनंच वाचले. पण श्रद्धा डोहाभोवती राखण करते, वरून येणारं पाणी अडवू शकत नाही. त्याच इंद्रायणीवर आळंदीत फेस तरंगताना आपण वर्षानुवर्षं बघतोय. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात, तेव्हा आई फोनवर आधी वासाबद्दल सांगते. त्या माशांवर ज्यांचं पोट आहे, त्या भोई कुटुंबांचं नुकसान आमच्या क्लबच्या नुकसानीपेक्षा कितीतरी खरं आहे. त्यांच्या सहकारी संस्था आहेत. 2010 च्या कायद्यानं आलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, आणि ज्याचं नुकसान झालं तो तिथं जाऊ शकतो. म्हणजे कोर्टात उभं राहण्याचा हक्क आपल्याकडे भाड्यानं घ्यावाही लागत नाही. कमी पडते ती दर महिन्याला आकडे लिहून ठेवणारी, चिकटून राहणारी संघटना. इंग्लंडच्या क्लबांकडून मला एवढंच उचलावंसं वाटतं. गळ तिकडे न्यायची गरज नाही.

मुलीचं विचारलंत. ती क्लबच्या मुलांच्या गटात आहे. तेरा वर्षांखालच्यांना इथं परवाना लागत नाही. तिला काठी धरण्यापेक्षा ट्रे जास्त आवडतो आणि कॅडिसची जात ती माझ्याआधी ओळखते. गळ टाकायचा की नाही ते मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल. तुमची प्रतिक्रिया मी तिला वाचून दाखवलीय, कारण हा प्रश्न तिच्यासमोर यायलाच हवा.

आणि एक विनंती. आमच्या क्लबकडे जुन्या स्पर्धांच्या वजनांच्या वह्या आहेत. कुठल्या वळणावर कुठला मासा, कुठल्या महिन्यात, किती वजनाचा. ‘इथं असे मासे कधी नव्हतेच’ असं कुणी म्हटलं की त्या वह्या पुढं ठेवता येतात. वाईला तुमच्या लहानपणी घाटाजवळ कोणते मासे दिसायचे, कधी, केवढाले, त्यांना काय म्हणायचे, हे आठवेल तसं लिहून पाठवाल का? तुमच्या वयाच्या आणखी चौघांना विचारलंत तर फारच छान, आणि तिथल्या जुन्या भोई मंडळींना विचारलंत तर त्याहून. मी ते तुमच्या नावानं इथंच छापेन.